कोबुर्गच्या ढालीवरील काळा शिपाई



चालकांनी आम्हाला विषय विचारला, तेव्हा बोनस, महागाई भत्ता नाही तर कंत्राटी कामगार यांपैकी काहीतरी आम्ही सांगू, असे त्यांना वाटले असावे. आम्ही म्हणालो, ‘जर्मनीतील एका बाजारपेठेच्या गावाच्या ढालीवरचे चित्र.’ ते क्षणभर गप्प राहिले आणि मग सभ्यपणे म्हणाले, ‘ठीक आहे, वसंत ऋतूच आहे.’ तेव्हा आजच्या भाषणात मागणीपत्र नाही, एवढे आश्वासन आधीच देऊन ठेवतो. आणखी एक खुलासा. आम्ही स्वतःविषयी बोलतानाही ‘आम्ही’ म्हणतो, तो मोठेपणा नव्हे. जन्म मागणीपत्रे लिहिण्यात गेला, आणि मागणीपत्रात ‘मी’ हा शब्द नसतो. ती सवय आता सुटत नाही.

हा विषय आम्हाला सुचला तो पुस्तकातून नव्हे, कारखान्याच्या फाटकावर. युनियन नवी असली म्हणजे पहिले भांडण पगाराचे होत नाही, काठीचे होते. फाटकासमोर बावटा लावायचा, तो रस्त्याच्या या बाजूला की त्या बाजूला, फाटकापासून किती हातांवर, फलकावर काय लिहायचे, यावर महिनामहिना वाद चालतो. पगारवाढीवर बोलायला तयार असलेला मालक ‘आधी ती काठी काढा’ म्हणून अडून बसलेला आम्ही पाहिला आहे. दोन हात कापडाला तो इतका का भितो, आणि आपली माणसेही त्या कापडासाठी डोकी फोडून घ्यायला का तयार होतात, याचा विचार करता करता आम्ही झेंड्यांचा आणि चिन्हांचा इतिहास मिळेल तेथून वाचू लागलो. त्या वाचनात कोबुर्ग भेटले.

कोबुर्ग हे बव्हेरिया प्रांताच्या उत्तर टोकाला असलेले जुने गाव. १०५६ सालच्या लेखात त्याचे नाव प्रथम येते. वर डोंगरावर किल्ला, खाली चौकोनी बाजार, बाजाराच्या एका अंगाला नगरभवन. आपल्याला हे गाव अगदीच परके नाही. ज्यांनी भायखळ्याची राणीची बाग पाहिली असेल त्यांनी शेजारचे वस्तुसंग्रहालयही पाहिले असेल. १८७२ मध्ये ते ‘व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट म्युझियम’ या नावाने उघडले, १९७५ पासून त्याला डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. आत शिरताच जो संगमरवरी राजपुत्र उभा दिसतो तो आल्बर्ट, राणी व्हिक्टोरियाचा नवरा. तो मूळचा या कोबुर्गचा. १८१९ मध्ये कोबुर्गजवळच्या रोझेनाऊ वाड्यात त्याचा जन्म झाला. कोबुर्गच्या बाजारातही त्याचा पुतळा आहे, आणि १८६५ साली त्याच्या अनावरणाला राणी स्वतः गेली होती. गिरणीची पाळी नसेल त्या दिवशी पोराबाळांना हत्ती दाखवायला राणीच्या बागेत गेलेल्या किती कामगारांनी त्या राजपुत्राकडे पाहिले असेल! तो कोण, कुठला, हे कोणी सांगितले नाही आणि त्यांनीही विचारले नाही.

पण राजपुत्र राहू द्या. आपला विषय ढाल आहे.

युरोपात बाराव्या शतकाच्या सुमारास सरदार लोखंडी शिरस्त्राणाने तोंड झाकून लढू लागले. तोंड दिसेना, तेव्हा आपला कोण आणि परका कोण हे ओळखायला ढालीवर चित्र आले. पुढे ते चित्र घराण्याचे झाले, आणि गावांना स्वतःचा कारभार मिळाला तसे गावांचेही झाले. गावाची मुद्रा कागदावर उठली म्हणजे करार पक्का. ज्याला वाचता येत नव्हते त्यालाही सिंह, किल्ली, किल्ला, अस्वल एवढे कळत होते. आपल्याकडे निवडणुकीत पक्षांना चिन्हे दिली ती याच विचाराने.

या चित्रांचा एक नियम मोठा शहाणपणाचा आहे. सोने आणि चांदी, म्हणजे रंगवताना पिवळा आणि पांढरा, यांना ‘धातू’ म्हणतात. लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे ‘रंग’. रंगावर रंग ठेवायचा नाही आणि धातूवर धातू ठेवायचा नाही. लाल जमिनीवर काळा सिंह काढला तर पन्नास पावलांवरून दिसत नाही, पिवळ्यावर काळा काढला तर दिसतो. यात गूढ असे काही नाही. फलक रंगवणाऱ्या आमच्या पेंटरने असली पुस्तके वाचलेली नव्हती, तरी तो हेच सांगत असे. जर्मन गावांचे झेंडेही बहुधा याच हिशेबाने होतात. ढालीवरचा धातू आणि ढालीवरचा रंग उचलायचा आणि त्यांचे पट्टे जोडायचे. म्हणजे झेंडा ही ढालीची सावली. ढाल वाचता आली की झेंडा वाचता येतो.

आता कोबुर्गची ढाल. सोनेरी जमीन, आणि तिच्यावर एका काळ्या माणसाचे शीर. आफ्रिकन माणसाचे, कुरळ्या केसांचे, कानात सोन्याचे कुंडल. पिवळ्यावर काळे, नियमाप्रमाणे ठसठशीत. हे शीर गावात जिकडेतिकडे दिसते. रस्त्यातल्या गटारांच्या लोखंडी झाकणांवरसुद्धा ते ओतलेले आहे.

जर्मनीच्या मध्यावर, ज्या गावात शतकानुशतके आफ्रिकन माणूस औषधालाही दिसला नसेल, त्या गावाने आपले चिन्ह म्हणून आफ्रिकन शीर का घ्यावे? याचे उत्तर एका संताच्या कथेत आहे, आणि ती कथा आमच्या धंद्याच्या इतकी जवळची आहे की ती वाचल्यावर आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो.

संताचे नाव मॉरिशस. जर्मन लोक त्याला मोरिट्झ म्हणतात. तो रोमन सैन्यातील अधिकारी. इजिप्तमधील थीब्जच्या बाजूला भरती झालेली एक पलटण त्याच्या हाताखाली होती आणि ती सगळी ख्रिस्ती होती, असे कथा सांगते. साल सुमारे २८६. सम्राट मॅक्सिमियन याने ही पलटण आल्प्स पर्वताकडे आणली. हल्लीच्या स्वित्झर्लंडमध्ये अगाउनम नावाचे ठिकाण आहे, आता त्याला संताचेच नाव आहे, तेथे तिला हुकूम झाला की ख्रिस्ती लोकांचा छळ करा. पलटणीने नकार दिला. आम्ही शिपाई आहोत, शत्रूशी लढू, निरपराध माणसांवर हात टाकणार नाही, असा त्या नकाराचा भावार्थ.

रोमन सैन्यात अशा वेळची शिक्षा ठरलेली होती. चिठ्ठ्या टाकायच्या आणि दर दहांमागे एकाला मारायचे. मारायचे तेही त्याच्याच सोबत्यांच्या हातून, म्हणजे उरलेल्या नऊ जणांना जन्मभर तोंड वर काढता येऊ नये. मंडळी, ही युक्ती जुनी आहे, पण मेलेली नाही. संप मोडायचा असला म्हणजे सगळ्यांना काढत नाहीत. दहांतल्या एकाला काढतात आणि नवांना सांगतात, तुमचे काय करायचे ते उद्या पाहू. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होते. आम्ही ते होताना पाहिले आहे, आणि त्या नवांना दोष देण्याइतके धैर्य आमच्या अंगी नाही.

कथेत मात्र ते काम होत नाही. एकदा दहावा मारला, पलटण हलली नाही. पुन्हा चिठ्ठ्या टाकल्या, पुन्हा दहावा मारला, तरी हलली नाही. तेव्हा सगळ्यांनाच कापून काढले. शस्त्रे हातात होती, पण त्यांनी ती उगारली नाहीत. सहा हजार सहाशे माणसे, असा आकडा जुन्या ग्रंथात आहे.

इतिहासकार म्हणतात, ही कथा जशीच्या तशी खरी मानता येत नाही. लिऑनचा बिशप युकेरियस याने ती लिहिली पाचव्या शतकात, म्हणजे घटनेनंतर सुमारे दीडशे वर्षांनी. एवढी मोठी पलटण मारली गेली असती तर त्या काळच्या इतर लेखकांनी ते नोंदवले असते. हे म्हणणे आम्हाला पटते. पण लोकांनी ती कथा हजार वर्षे उराशी धरली हेही तितकेच खरे आहे, आणि कोणत्या गोष्टी लोक टाकून देतात नि कोणत्या जपतात यालाही इतिहासात किंमत असते.

पहिली काही शतके चित्रकार या मॉरिशसला गोरा काढत. पुढे जर्मनीत एक मोठा बदल झाला. माग्देबुर्ग या शहरात सम्राट पहिला ओटो याने ९३७ मध्ये या संताच्या नावे मठ स्थापला होता. तेथल्या मोठ्या चर्चमध्ये तेराव्या शतकात, १२४० ते १२५० च्या सुमारास, कोणी अनाम पाथरवटाने संताचा दगडी पुतळा घडवला आणि तो स्पष्ट आफ्रिकन चेहऱ्याचा घडवला. संत इजिप्तकडला, आणि लॅटिन भाषेत ‘मॉरुस’ म्हणजे मूर, काळा माणूस. नावातच ती सूचना होती. आम्ही या पुतळ्याचे चित्र पाहिले आहे. अंगात साखळ्यांचे चिलखत, डोकीलाही साखळ्यांची टोपी, त्यातून फक्त चेहरा उघडा. रुंद नाक, जाड ओठ, नजर समोर. त्यात थट्टा नाही, कुतूहल नाही, दयाही नाही. एका शिपायाने दुसऱ्या शिपायाकडे पाहावे तसा तो पाहतो. गुलामांच्या व्यापारासाठी युरोपची जहाजे निघण्याच्या दोनशे वर्षे आधीचा हा पुतळा आहे. काळ्या माणसाकडे पाहण्याची दुसरीही एक रीत युरोपात होती, याचा तो दगडी पुरावा आहे.

कोबुर्गने हा मॉरिशस आपला रक्षक संत मानला. गावातल्या मुख्य चर्चला त्याचे नाव आहे. गंमत अशी की पुढे गाव प्रॉटेस्टंट झाले. १५३० मध्ये मार्टिन ल्यूथर कोबुर्गच्या किल्ल्यावर जवळजवळ सहा महिने राहिला, कारण त्याच्यावर बादशाही बहिष्कार होता आणि आउग्सबुर्गच्या सभेला जाणे त्याच्या जिवावरचे होते. त्याने या मोरिट्झच्या चर्चमध्ये प्रवचनेही केली. त्याच्या पंथात संतांची पूजा नाही. पूजा गेली, संत मात्र ढालीवर राहिला. देव्हाऱ्यातून उठून तो नगरपालिकेत नोकरीला लागला म्हणा ना!

आणि ही नोकरी नुसती शोभेची नव्हती. नगरभवनाच्या माथ्यावर या संताची मूर्ती आहे, तिच्या हातात सेनापतीचा दंड आहे. गावचे लोक सांगतात की तो दंड म्हणजे कोबुर्गच्या प्रसिद्ध मांसवड्यांचे, त्यांच्या भाषेत ‘ब्राटवुर्स्ट’चे, कायदेशीर माप. भाजण्यापूर्वी ती एकतीस सेंटिमीटर भरली पाहिजे. बाजारात पाइनच्या सुक्या फळांच्या जाळावर त्या भाजतात, आणि वर संत माप घेऊन उभा आहे! लोक त्याला लाडाने ‘वड्यांचा बुवा’ अशा अर्थाच्या नावाने हाक मारतात. सभेतील शाकाहारी मंडळींनी क्षमा करावी, पण आम्हाला ही गोष्ट फार आवडली. हुकूम न मानणारा शिपाई, आणि त्यालाच लोकांनी वजनमापावर नेमले. बाजारात गरिबाला फसवणूक लागते ती मापातच.

येथवरचा इतिहास गोड आहे. आता विसाव्या शतकात यावे लागेल.

पहिल्या महायुद्धात जर्मनी हरली, १९१८ च्या नोव्हेंबरात राजे गेले. कोबुर्गचा ड्यूक कार्ल एडुआर्ड हाही गेला. हा भायखळ्याच्या आपल्या संगमरवरी आल्बर्टचा सख्खा नातू. गावाने मतदान करून बव्हेरियात सामील होण्याचे ठरवले आणि १९२० मध्ये ते सामील झाले. देशात नवे प्रजासत्ताक आले, त्याचा झेंडा काळा-लाल-सोनेरी. पण जुन्या बादशाहीच्या काळ्या-पांढऱ्या-लाल झेंड्याचे भक्त थोडे नव्हते. कोणता झेंडा कुठे लावायचा यावरून जर्मनीत त्या काळी जेवढी भांडणे झाली तेवढी भाकरीवरून झाली नसतील. १९२६ मध्ये तर झेंड्याच्या एका हुकुमावरून चॅन्सेलर हान्स लुथर यांचे मंत्रिमंडळच पडले.

१९२२ च्या १४ आणि १५ ऑक्टोबरला कोबुर्गात ‘जर्मन दिवस’ नावाचा राष्ट्रवाद्यांचा मेळावा भरला. माजी ड्यूक पाहुणा होता. म्युनिकहून एका लहानशा पक्षाच्या पुढाऱ्याला बोलावणे गेले होते. तो सोबत खास गाडी करून सुमारे साडेसहाशे लाठीधारी माणसे घेऊन आला. तो पुढारी म्हणजे हिटलर. स्टेशनवर त्याला सांगण्यात आले की गावातल्या कामगार संघटना आणि डावे पक्ष यांच्याशी ठरले आहे : रांगा करून जायचे नाही, वाजंत्री वाजवायची नाही, झेंडे उलगडायचे नाहीत. पाहा, अट कशाची आहे! माणसांनी जावे, पण झेंडे गुंडाळून जावे. कोबुर्गच्या कामगारांना झेंड्याचे मोल कळत होते. हिटलरलाही कळत होते. त्याने वाजंत्री सुरू केली, झेंडे उलगडले आणि रांगा करून तो गावात शिरला.

रस्त्यात दुतर्फा कामगार उभे होते. दगड आले, लाठ्या चालल्या, दोन दिवस मारामारी झाली. दुसऱ्या दिवशी निषेधसभेसाठी दहा हजार कामगारांना हाक दिली होती, आणि आले काहीशे, असे हिटलर आपल्या पुस्तकात फुशारकीने लिहितो. हा आकडा शत्रूचा आहे, तो आम्ही पारखूनच घेऊ. पण हाक दिली आणि माणसे आली नाहीत, हा अनुभव या सभागृहात ज्यांनी कधी संघटना चालवली त्यांना असेलच. परतीच्या वेळी रेल्वे कामगारांनी गाडी चालवायला नकार दिला. ही मॉरिशसची पलटण पुन्हा उभी राहिली म्हणावी. हिटलरने कळवले की आम्ही गावातले लाल पुढारी हाताला लागतील तेवढे पकडू, त्यांना गाडीत भरू आणि गाडी स्वतःच हाकू. मग गाडी वेळेवर सुटली. हेही त्याच्याच पुस्तकात आहे. रेल्वेच्या त्या माणसांना आम्ही नावे ठेवत नाही. आपल्या सोबत्यांचे प्राण ओलीस असताना काय करायचे, याचे नियम कोणत्याही युनियनच्या घटनेत लिहिलेले नसतात.

यापुढची गोष्ट आम्हाला त्याहून जड वाटते. कोबुर्गच्या नगरपालिकेच्या वीज वगैरे पुरवणाऱ्या खात्यात फ्रान्झ श्वेडे नावाचा यंत्रांवर देखरेख करणारा नोकर होता. तो नाझी पक्षाचा गावातला म्होरक्या. ज्यू लोकांविरुद्ध, विशेषतः गावातल्या एका ज्यू उद्योजकाविरुद्ध, तो इतके विष ओकू लागला की १९२९ मध्ये नगरपालिकेने त्याला नोकरीवरून काढले. नाझींनी याचेच हत्यार केले. आमच्या माणसाला अन्यायाने काढले म्हणून त्यांनी सह्या गोळा केल्या, लोकमत घेतले, नगरपालिका बरखास्त करवली, आणि २३ जून १९२९ च्या निवडणुकीत २५ पैकी १३ जागा जिंकल्या. जर्मनीत एखाद्या शहरात नाझींना निर्भेळ बहुमत मिळाल्याची ही पहिली वेळ. श्वेडे नोकरीवर परत आला, आणि १९३१ मध्ये तोच नगराध्यक्ष झाला.

‘काढलेल्या कामगाराला परत घ्या’ ही घोषणा आमच्या घशात जन्मभर राहिली आहे. ती घोषणा आपलीच आहे, दुसऱ्या कोणाच्या तोंडी शोभणार नाही, असे आम्ही समजत होतो. कोबुर्गचे हे प्रकरण वाचल्यावर तसे समजण्याची सोय उरली नाही.

रंगाचेही तसेच. आपल्या झेंड्याला लाल कापड घेताना त्यात सामाजिक विचार आहे असे हिटलर सांगतो. आणि आपल्या सभांची पत्रके मुद्दाम लाल छापली, म्हणजे डाव्यांचे कामगार चिडून तरी येतील, हेही सांगतो. कामगारांचा रंग त्याने डोळ्यांदेखत उचलला. त्यावर पांढरे वर्तुळ, आणि वर्तुळात तिरके काळे चिन्ह. जर्मन लोक त्याला ‘आकड्यांचा क्रूस’ म्हणतात, जग त्याला आपल्याच शब्दाने ‘स्वस्तिक’ म्हणते. आपल्या घरात उंबरठ्याशी, चोपडीच्या पहिल्या पानावर आपण शुभ म्हणून जे काढतो, त्याच आकाराला पाहून युरोपातल्या लाखो म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर काटा येत असे. आपल्या आजीच्या रांगोळीचा यात काही अपराध नाही. पण ‘चिन्हात काय आहे, ते तर नुसते चित्र’ असे म्हणणाऱ्याने हे दोन्ही उंबरठे एकदा शेजारी ठेवून पाहावेत.

१८ जानेवारी १९३१ रोजी, जुन्या साम्राज्याच्या स्थापनादिनी, कोबुर्गच्या नगरभवनावर हा झेंडा चढला. जर्मनीत सरकारी इमारतीवर तो प्रथम चढला तो येथे. १९३२ मध्ये हिटलरला मानाचे नागरिकत्व मिळाले तेही येथे. वर माप हातात धरलेला मॉरिशस उभा आणि त्याच्याच घरावर तो झेंडा! १९३३ च्या मे महिन्यात तर कमाल झाली. १ मे हा कामगार दिन नव्या सरकारने भरपगारी राष्ट्रीय सुट्टीचा केला, मोठमोठ्या मिरवणुका काढल्या. आणि २ मे रोजी सकाळी देशभर कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या, पुढारी पकडले, पैसा जप्त केला. आदल्या दिवशी हार, दुसऱ्या दिवशी कुलूप.

१९३४ मध्ये कोबुर्गची ढालही बदलली. नाझींचे पहिले शहर म्हणून मिरवणाऱ्या गावाच्या छातीवर आफ्रिकन शीर राहणे शक्यच नव्हते. ते काढून तेथे तलवार आली, आणि तलवारीच्या मुठीत स्वस्तिक. रंग तेच ठेवले, काळा आणि सोनेरी. नियम पाळला, माणूस काढला. ज्याने निरपराधांवर हात टाकायला नकार दिला त्याचे डोके काढून तेथे तलवार ठेवणे, याहून स्पष्ट कबुलीजबाब नाझींनी दुसरा कोणता दिला असेल असे आम्हाला वाटत नाही. त्यांच्या मनात मात्र एवढा अर्थ नसेल. त्यांना फक्त काळा रंग दिसला असेल.

एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन फौजा गावात आल्या. त्याच वर्षी ते तलवारीचे चिन्ह गेले आणि काळा शिपाई आपल्या जागेवर परत आला.

गोष्ट येथे संपती तर आम्ही आनंदाने बसलो असतो. पण २०२० मध्ये ती पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाला पोलिसांनी गुदमरवून मारले आणि जगभर निदर्शने झाली. त्या लाटेत बर्लिनहून एक मागणी आली की कोबुर्गने हे शीर ढालीवरून काढावे. त्यातील जाड ओठ, कुंडल, कुरळे केस हे काळ्या माणसाचे गोऱ्यांनी रंगवलेले सोंग आहे, असे मागणी करणाऱ्यांचे म्हणणे. गावातून उलट अर्ज निघाला : हा आमचा संत आहे, आम्ही त्याचा सन्मान करतो, आणि त्याला याआधी एकदा कोणी काढले होते ते आठवा. चिन्ह राहिले.

आम्हाला लोक विचारतात, तुम्ही कोणत्या बाजूचे? आमची अडचण अशी की दोन्ही बाजूंचे अर्धे अर्धे खरे आहे. ‘नाझींनी जे काढले ते आपण काढायचे का’ हा प्रश्न जबर आहे, पण त्याने दुसऱ्याचे तोंड बंद होत नाही. माग्देबुर्गचा पुतळा आणि कोबुर्गची ढाल शेजारी ठेवून पाहा. पुतळ्याला चिलखत आहे, ढालीवर कुंडल आहे. मधल्या शतकांत युरोपने आफ्रिकेतून माणसे भरभरून नेली आणि विकली, आणि श्रीमंतांच्या घरी काळा पोर कानात कुंडल घालून तबक धरू लागला. ते कुंडल तेथून चालत चालत संताच्या कानात आले असावे, असा आमचा तर्क आहे. तो तर्क म्हणूनच घ्या. सेनापतीला कोणी कळत नकळत नोकर करून ठेवले. ज्याच्या चेहऱ्यावरून ते चित्र काढले असे लोक सांगतात, त्या रंगाचा माणूस आज कोबुर्गच्या रस्त्यावरून जातो तेव्हा त्याला त्या झाकणावर काय दिसते, हे त्यालाच विचारले पाहिजे. ‘आम्ही सन्मान करतो’ हे सन्मान करणाराने सांगून भागत नाही. आपल्याकडे तरी हे वेगळे समजावून द्यावे लागू नये.

तरीही, मत द्यायची पाळी आली तर आम्ही शीर ठेवण्याच्या बाजूने हात वर करू. आमची दुरुस्ती एवढीच : कुंडल काढा आणि चिलखत परत द्या. आमच्या एका मित्राला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, ही तर तडजोड झाली. आम्ही म्हटले, बाबा रे, आमचा धंदाच तो आहे.

कोबुर्गमध्ये याविषयी बोलणे अजून चालू आहे. संत नगरभवनावर दंड घेऊन उभा आहे, खाली वड्या भाजल्या जात आहेत. गटार तुंबले म्हणजे नगरपालिकेचे कामगार येतात, आकडा घालून ते लोखंडी झाकण उचलतात, शीर वर करून बाजूला ठेवतात आणि खाली उतरतात.